लढाई कधी सुरू होते?

2001 साली सांगलीत आमच्या हॉस्टेलवर आठ कॉम्प्युटर एकाच वायरीत ओवलेले असत. त्या वायरीला कुणाचा पाय लागला की आठही राज्यं एकदम बुडत. रात्री मेस बंद झाली की लॅन लागायची आणि 'एज ऑफ एम्पायर्स 2' सुरू व्हायचा. हा गेम आमच्याकडे आला तो मार्करने नाव लिहिलेल्या एका सीडीवर. खोका नाही, माहितीपुस्तिका नाही, पोस्टर नाही. सीडी कुठून आली हे विचारायची पद्धत नव्हती.

पहिल्या रात्री माझ्या वाट्याला एक टाउन सेंटर, तीन गावकरी आणि एक घोडेस्वार आला. मी घोडेस्वाराला शत्रूच्या शोधात पिटाळणार, तेवढ्यात मागे उभा असलेला सीनियर म्हणाला, "आधी मेंढ्या शोध. मग लाकडं तोड. लढाईचं नंतर बघू." या गेमबद्दल मला कुणी सांगितलेलं हे पहिलं वाक्य. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. पुढच्या युगात जायचं तर पाचशे धान्य लागतं, धान्यासाठी माणसं, माणसांसाठी घरं आणि घरांसाठी लाकूड. दोन तासांनी जो हरायचा तो खरं तर विसाव्या मिनिटालाच हरलेला असायचा, फक्त त्याला ते माहीत नसायचं.

हे सगळं आठवायला कारण झालं भाच्याचं. तो पुण्यात नववीत आहे. गेल्या मे महिन्यात घरी आला आणि फोन माझ्यापुढे धरून म्हणाला, "मामा, जाहिरातीतला गेम कुठाय?"

जाहिरात अशी होती. एका राजाच्या डोक्यावर धगधगता लाव्हा, पलीकडे खजिना, मध्ये तीन खुंट्या. कुणाचा तरी अदृश्य हात नेमकी चुकीची खुंटी ओढतो आणि राजा जळून जातो. इतका ढ कोण असेल, मी दाखवतो कसं करायचं, असं म्हणून पोराने गेम उतरवून घेतला. आत एक किल्ला निघाला. शेतं, वखारी, बराकी. प्रत्येक इमारतीच्या डोक्यावर एक घड्याळ: हे बांधायला चार तास, ते बांधायला अकरा. खुंट्या आणि लाव्हा अधूनमधून तोंडी लावण्यापुरते. दोन आठवड्यांत त्याच्या किल्ल्यावर सतरा वेळा छापा पडला होता.

दोन्ही गेमना दुकानात एकच पाटी: स्ट्रॅटेजी. एक मला जाहिरातीशिवाय मिळाला. दुसरा माझ्या भाच्याला भलत्याच गोष्टीची जाहिरात करून विकला गेला. विकला म्हणजे फुकट दिला, आणि त्याचीही एक गोष्ट पुढे येईल. त्याच्या प्रश्नाने मला नंतर काही महिने कामाला लावलं. जुने खटले, निवाडे, कंपन्यांची माफीपत्रं वाचत गेलो तसतसं वाटू लागलं, की या प्रकारच्या गेमची जाहिरात खोटी निघते ती नेहमीच कुणाच्या लबाडीमुळे नाही. खोटेपणा आधी या गेमच्या स्वभावात आहे. लबाडी मागाहून आली आणि तिला जागा तयारच मिळाली.

सिड मायर हे या प्रांतातलं सगळ्यात मोठं नाव. अक्षरशः मोठं, कारण ते खोक्यावर गेमच्या नावाआधी छापलं जातं. त्याची एक कथा सांगतात. मायक्रोप्रोज कंपनीचा भागीदार बिल स्टीली एका समारंभात नट रॉबिन विल्यम्सच्या टेबलावर बसला होता. विल्यम्स म्हणाला, या माणसाचं नाव खोक्यावर टाका आणि त्याला स्टार करा. 1987 मध्ये 'सिड मायर्स पायरेट्स!' आला आणि 1991 मध्ये 'सिड मायर्स सिव्हिलायझेशन'. गेम कसा दिसतो हे दाखवून जे विकता येत नाही, ते माणसाच्या नावावर विकायचं. आपल्याकडे मसाल्याच्या पाकिटावर आजीचा फोटो असतो तसं.

मायरची गेमची व्याख्या प्रसिद्ध आहे: रंजक निर्णयांची मालिका म्हणजे गेम. पंचाईत इथेच आहे. निर्णय दिसत नाही. लोखंडाची खाण आधी घ्यावी की बंदर, या विचारात माणूस चार मिनिटं पडद्यासमोर गाल खाजवत बसतो. तो त्या गेमचा सगळ्यात थरारक क्षण असतो, आणि त्याचं चित्रीकरण केलं तर गाल खाजवणारा माणूस दिसतो. बुद्धिबळाचा ट्रेलर करायला सांगितला तर कुठलाही जाहिरातवाला घोडा उधळत आणेल, हत्तीच्या पायाखाली प्यादी चिरडून दाखवेल आणि वजिराला केस मोकळे सोडून तलवार देईल. दीड मिनिटात तो दुसरं करणार तरी काय? म्हणून स्ट्रॅटेजी गेम पहिल्यापासून लढाई दाखवून हिशेब विकत आला आहे. विकणारा आणि घेणारा दोघांनाही हे माहीत असतं, तोवर ते चालून जातं.

ते चालून गेलं नाही ते 2013 मध्ये.

इंग्लंडच्या दक्षिणेला हॉर्शम नावाचं गाव आहे. तिथली क्रिएटिव्ह असेम्ब्ली ही कंपनी 2000 सालापासून 'टोटल वॉर' मालिका करते. 2005 मध्ये तिला जपानच्या सेगाने विकत घेतलं. या मालिकेची युक्ती अशी, की नकाशावर तुम्ही पाळीपाळीने चाल करायची आणि दोन सैन्यं भिडली की खाली रणांगणात उतरून हजारो शिपायांची लढाई प्रत्यक्ष लढायची. हिशेब आणि तलवार दोन्ही एकाच खोक्यात. त्यामुळे जाहिरातवाल्यांचं काम इथे इतरांपेक्षा सोपं होतं. 'रोम 2'ची घोषणा जुलै 2012 मध्ये झाली आणि पत्रकारांना कार्थेजचा वेढा दाखवण्यात आला. रोमन गलबतं किनाऱ्याला लागतात, कॅमेरा शिपायांच्या खांद्यामागून वर चढतो, तटाला शिड्या लागतात, माणसांच्या चेहऱ्यावर भीती दिसते. एकेक शिपाई मोजता येईल इतकं स्पष्ट. गेम अजून पूर्ण व्हायचा आहे, असं सांगितलं होतंच. पण डोळ्यांनी पाहिलेलं कानांनी ऐकलेल्याने पुसलं जात नाही.

3 सप्टेंबर 2013 ला गेम बाहेर आला. चित्रं त्या वेढ्याच्या जवळपासही नव्हती, पण ते लोकांनी पोटात घातलं असतं. खरी पडझड हिशेबाच्या बाजूला होती. वेढा घालणाऱ्या कॉम्प्युटरच्या फौजा तटासमोर बाण खात नुसत्या उभ्या राहत. मोकळ्या मैदानात निशाणं रोवलेली असत आणि ती ताब्यात ठेवली की सैन्य शाबूत असूनही शत्रू हरे. ज्याने कधी इतिहासाचं पुस्तक चाळलंय त्याला हे कसं पटावं? लढाईला तोंड लागलं की शिस्तीच्या रोमन रांगा विस्कटून आठवडी बाजारासारखा घोळका होई.

त्यातली मला सगळ्यात बोलकी वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. या गेममध्ये 117 राज्यं आहेत, असं जाहिरातीत ठासून सांगितलं होतं. आकडा भारदस्त आहे. पण पाळीपाळीच्या गेममध्ये 117 राज्यं म्हणजे तुमची चाल झाल्यावर उरलेल्या सगळ्यांनी आपापली चाल करेपर्यंत वाट पाहणं. सुरुवातीच्या दिवसांत लोक पाळी संपवायचं बटण दाबून चहा टाकायला जात. जाहिरातीत जो दागिना होता, तोच गेममध्ये गळ्यातलं लोढणं झाला.

कंपनीचे क्रिएटिव्ह डायरेक्टर माइक सिम्प्सन यांनी जाहीर दिलगिरी व्यक्त केली. दुरुस्त्यांचे पॅच एकामागून एक येत राहिले आणि वर्षभराने, सप्टेंबर 2014 मध्ये 'एम्परर एडिशन' या नावाने दुरुस्त गेम जुन्या गिऱ्हाइकांना फुकट देण्यात आला. आज 'रोम 2' बरा गेम आहे. पण बरा व्हायला त्याला जे वर्ष लागलं, ते गिऱ्हाइकांच्या पैशावर लागलं.

समीक्षक काय करत होते? बऱ्याच जणांनी चांगले गुण दिले होते. खेळणाऱ्यांनी त्यांना विकले गेलेले म्हटलं. मला तसं वाटत नाही. गेमची प्रत समीक्षकाच्या हातात पडते प्रकाशनाच्या काही दिवस आधी. रोमची मोहीम नीट खेळायला पन्नास-साठ तास सहज लागतात. पहिल्या दहा तासांत सगळे स्ट्रॅटेजी गेम छान असतात. नकाशा अंधारात असतो, शेजारी अनोळखी असतात, प्रत्येक निर्णयाला वजन असतं. शत्रू मूर्ख आहे हे कळायला त्याच्याशी बराच काळ वैर धरावं लागतं. जाहिरात गेमचा आरंभ दाखवते आणि परीक्षणही आरंभाचंच होतं. नाटकाच्या पहिल्या अंकानंतर बाहेर पडून अभिप्राय लिहावा तसं. हा दोष माणसांचा थोडा आणि वेळापत्रकाचा जास्त आहे.

विक्रीच्या युक्त्यांबद्दल मात्र इतकं उदार राहता येत नाही. 'रोम 2'मध्ये अथेन्स, स्पार्टा आणि एपिरस ही ग्रीक राज्यं आगाऊ नोंदणी करणाऱ्यांना भेट होती, बाकीच्यांना पहिल्या दिवसापासून वेगळे पैसे मोजून घ्यायची. प्राचीन जगाचा गेम, आणि स्पार्टा जोडपत्रात. दोनेक महिन्यांनी रक्तही वेगळं विकायला आलं. जखमा, चिळकांड्या, तुटलेले अवयव यांचा वेगळा पॅक, किंमत तीनेक डॉलर. मूळ गेमला कमी वयाचा शिक्का मिळावा म्हणून असं केलं जातं, हे कारण खरं आहे. पण शिक्का एका वयाचा घ्यायचा आणि रक्ताचं बिल वेगळं लावायचं यातला व्यापार कळायला कुणी स्ट्रॅटेजी गेम खेळायला नको.

दहा वर्षांनी हीच कंपनी पुन्हा त्याच चौकात उभी राहिली. ऑगस्ट 2023 मध्ये 'वॉरहॅमर 3' या गेमसाठी तिने जो पॅक आणला, त्याची किंमत 25 डॉलर होती. आधीच्या तशाच पॅकपेक्षा ऐवज फारसा जास्त नाही आणि दाम मात्र बराच वर. सप्टेंबरमध्ये 'हायनाज' हा तिचा नेमबाजीचा मोठा गेम सेगाने प्रकाशनाआधीच रद्द केला. ऑक्टोबरमध्ये 'फेरो' आला, आकाराने लहान पण किंमत पूर्ण साठ डॉलर. लोकांनी सरळ पाठ फिरवली. डिसेंबरमध्ये कंपनीचे उपाध्यक्ष रॉजर कॉलम यांनी खुलं पत्र लिहून चूक कबूल केली, 'फेरो'ची किंमत चाळीसवर आणली आणि आधी घेतलेल्यांना फरक परत केला. गिऱ्हाइकाच्या असहकाराला इतकं रोकडं यश या धंद्यात क्वचितच मिळालं असेल.

इथे एक मराठी आडवाट घ्यायला हवी, नाहीतर माझ्या वयाचे वाचक रागावतील.

याच कंपनीच्या 'एम्पायर: टोटल वॉर' या मार्च 2009 च्या गेममध्ये आपण आहोत. 1700 ते 1799 हा काळ, खेळायला ब्रिटन, फ्रान्स, प्रशिया, रशिया अशी मोजकी राज्यं, आणि त्यांच्या रांगेत मराठा कॉन्फेडरसी. मुघल आहेत, पण त्यांना घेऊन मुख्य मोहीम खेळता येत नाही. आमच्यातल्या कित्येकांनी तो गेम केवळ यादीतल्या त्या एका नावासाठी घेतला, आणि या वेळी खरे पैसे देऊन घेतला. जाहिरातीने आम्हाला फसवलं असं म्हणणार नाही. पण नावापासूनच गंमत सुरू होते. 1700 साली कसली आली कॉन्फेडरसी? त्या मार्चमध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले. साताऱ्याला औरंगजेबाचा वेढा पडलेला होता, एप्रिलमध्ये तो किल्ला गेला. ताराबाई पंचविशीतल्या होत्या. शिंदे, होळकर, गायकवाड, भोसले ही मंडळी आपापल्या दौलती उभारून सैलसर एकत्र नांदू लागली ती पुढच्या काही दशकांत. शतकाच्या शेवटाचं नाव गेमने शतकाच्या सुरुवातीला चिकटवलं आहे.

त्याहून खोल अडचण नकाशाची आहे. अशा गेममध्ये प्रदेशाला एक रंग असतो, म्हणजे एक मालक. तुम्ही तो जिंकला की रंग बदलतो आणि पूर्ण महसूल तुमचा. मराठ्यांचा अठराव्या शतकातला सगळा कारभार या कल्पनेत मावतच नाही. 1719 मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून सनदा घेऊन आले त्या दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई आणि सरदेशमुखीच्या. चौथ म्हणजे पाव हिस्सा, सरदेशमुखी म्हणजे वर दहावा. मुलूख बादशहाचा, सुभेदार निजाम, पाव महसूल साताऱ्याचा, तोही वसूल करणारा सरदार त्यातला आपला वाटा राखून पुढे पाठवणार, आणि गावात पाटील-कुलकर्ण्यांची वतनं पिढ्यान्‌पिढ्या तशीच. याला नकाशावर कुठला रंग द्यायचा? पट्ट्यापट्ट्यांचा? गेम करणाऱ्यांनी सोपा मार्ग घेतला आणि मराठ्यांना पगडी घातलेलं युरोपीय राष्ट्र करून टाकलं. ट्रेलरची तर गोष्टच नको. मोकळ्या मैदानात समोरासमोर भिडणं ही ट्रेलरची गरज असते आणि ते होऊ न देणं हा गनिमी कावा. वाट अडवणं, रसद तोडणं, रात्री छावणीच्या पिछाडीला आग लावून पसार होणं. पानिपतावर समोरासमोर भिडलो, त्याचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

आणि आता कळस. गेम बाहेर पडला तेव्हा कॉम्प्युटरच्या ताब्यातल्या राज्यांना सैन्य जहाजात चढवून दुसऱ्या किनाऱ्यावर उतरवणं जमतच नव्हतं. ती सोय नंतरच्या पॅचमध्ये आली. याचा अर्थ मराठे घेऊन खेळणाऱ्याच्या दृष्टीने काय होता ते बघा. इंग्रज आलेच नाहीत! रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात टोपीकरांपासून सावध राहायला बजावलं, कान्होजी आंग्र्यांनी अख्खी हयात त्यांना समुद्रावर अडवण्यात घालवली, आणि इथे टोपीकर लंडनच्या धक्क्यावर जहाजात चढायचं विसरून उभे. 'सिव्हिलायझेशन 7' फेब्रुवारी 2025 मध्ये आला तेव्हा तर त्यात ब्रिटन नव्हताच. मौर्य, चोळ, मुघल मूळ गेममध्ये, आणि ग्रेट ब्रिटन मार्चमधल्या विकतच्या पॅकमध्ये. इंग्रज घरात यावेत म्हणून आपण वर पैसे मोजायचे, असा दिवस पाहायला मिळेल असं दादाभाईंना वाटलं नसेल.

त्याच 'सिव्हिलायझेशन 7'ची आणखी एक तऱ्हा सांगितली पाहिजे. साधी प्रत सत्तर डॉलरची, ती 11 फेब्रुवारीला. शंभर किंवा एकशे तीस डॉलर मोजणाऱ्यांना 6 फेब्रुवारीपासूनच खेळता येणार. पाच दिवस आधी, हा मान. प्रत्यक्षात त्या पाच दिवसांत मानकऱ्यांच्या पानात कच्चा भात पडला: मांडणी गबाळी, माहिती दडलेली, खिडक्या अर्धवट. तक्रारींचा पहिला लोंढा त्यांच्याकडूनच आला आणि फिराक्सिस कंपनीला दुरुस्त्यांची यादी जाहीर करावी लागली. चाचणी करणाऱ्याला कंपनीने पगार द्यायचा असतो, अशी माझी जुनाट समजूत आहे.

या प्रकारच्या गेमवर दुसऱ्या अंगानेही टीका झाली आहे आणि ती मला जास्त मोलाची वाटते. या प्रकाराला इंग्रजीत 'फोर-एक्स' म्हणतात. हे नाव 1993 मध्ये 'कम्प्युटर गेमिंग वर्ल्ड' मासिकात अॅलन एमरिच या लेखकाने 'मास्टर ऑफ ओरायन' या गेमबद्दल लिहिताना काढलं. शोधणं, पसरणं, उपसणं आणि संपवणं, या चार क्रियांच्या इंग्रजी शब्दांतली चार एक्स अक्षरं. शिवाय प्रौढांच्या सिनेमांवरच्या तीन एक्सला मारलेली कोपरखळी. तो लेख परीक्षण नव्हता, गेम येण्याआधीची ओळख होती. म्हणजे या प्रकाराचं नावच टीका आणि जाहिरात यांच्या मधल्या ओसरीवर जन्माला आलं. एमरिचने पुढे त्या गेमचं अधिकृत मार्गदर्शक पुस्तक सहलेखक म्हणून लिहिलं आणि तिसऱ्या भागाच्या आराखड्यावरही काम केलं, पण गेम पूर्ण होण्याआधी तो बाहेर पडला होता. 2003 मध्ये आलेला तो तिसरा भाग पार आपटला.

ते चार शब्द गमतीने ठेवलेले असले तरी पंचवीस वर्षं कुणी ते नीट वाचले नव्हते. 2018 मध्ये 'सिव्हिलायझेशन 6'च्या नव्या भागात कॅनडातल्या क्री जमातीचा एकोणिसाव्या शतकातला नेता पाउंडमेकर याला घेतल्याची जाहिरात झाली. मान दिल्याच्या थाटात झाली. त्यावर पाउंडमेकर क्री नेशनचे मिल्टन टूटूसिस यांनी सीबीसी या कॅनडाच्या प्रसारण संस्थेशी बोलताना हरकत घेतली. इतर लोकांना जिंकून त्यांच्या जमिनी घेणं हे वसाहतवाल्यांचं मूल्य. आमच्या पूर्वजांचंही तेच होतं, हा समज अशाने पसरतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. कुणाला गेममध्ये घेतलं यापेक्षा घेऊन त्याला काय करायला लावलं, हा प्रश्न त्यांनी विचारला. चौथाईच्या नकाशाबद्दलची माझी कुरकुर त्यापुढे फारच सौम्य आहे.

आता भाच्याच्या फोनकडे.

2009 मध्ये ब्राउझरवर खेळायचा 'इव्होनी' नावाचा गेम आला. शेती करा, तट बांधा, शेजाऱ्याला लुटा. त्याच्या जाहिराती आधी शिलेदाराच्या होत्या. मग बाई आली, मग कमी कपड्यांतली बाई, आणि शेवटी तर गेमचं चित्रच गेलं. एका बाईचा गळ्याखालचा भाग आणि खेळायचं आमंत्रण, बस. गेममध्ये अशी कुणी राणी नव्हतीच. असं का झालं याचं उत्तर कुणा एकाच्या विकृतीत शोधू नये. जाहिरातीचे दहा नमुने सोडायचे, कुठल्यावर जास्त बोटं पडतात ते मोजायचं, बाकीचे मारायचे, उरलेल्याची दहा पिल्लं पुन्हा सोडायची. चार पिढ्यांत गेम गळून पडतो आणि बोट ओढणारी गोष्ट तेवढी उरते. खुंटी ओढणारा तो ढ हात याच पैदाशीतला आहे. जाहिरातीतल्या माणसाने चूक केली की पाहणाऱ्याला राहवत नाही, हे कुणाला सुचलेलं नसेल; आकड्यांनी सांगितलं असेल.

'इव्होनी'वर सगळ्यात कडक लिहिलं ब्रूस एव्हरिस या इंग्रज माणसाने. कंपनीने त्याच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला, तोही ऑस्ट्रेलियात, आणि मार्च 2010 मध्ये सुनावणी सुरू झाल्यावर मागे घेतला. एव्हरिस हा माणूसही गमतीचा. 1980 च्या दशकात लिव्हरपूलच्या 'इमॅजिन सॉफ्टवेअर' कंपनीचा तो एक कर्ताधर्ता होता. त्या कंपनीने दोन 'मेगागेम'ची भरपूर जाहिरात केली होती. 1984 मध्ये कंपनीच बुडाली आणि ते दोन्ही गेम कधीच आले नाहीत. बीबीसीचे कॅमेरे नेमके तेव्हा तिथे होते, त्यामुळे ती बुडती कंपनी फिल्मवर आहे. जाहिरातीतलं पाणी कुठे मुरतं हे त्याला आतून ठाऊक होतं, म्हणून त्याचं म्हणणं कंपनीला झोंबलं असावं.

पुढे पैसा इतका आला की बायकांच्या चित्रांची जागा नामवंतांनी घेतली. 2015 च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात महागड्या जाहिरातवेळेत, 'क्लॅश ऑफ क्लॅन्स'साठी लियाम नीसन आणि 'गेम ऑफ वॉर'साठी केट अप्टन होती. पुढच्या वर्षी 'मोबाइल स्ट्राइक'साठी अर्नोल्ड श्वार्झनेगर. नीसनची जाहिरात मला आवडते, कारण त्यात खोटं काही नाही: त्याचं गाव कुणीतरी लुटलंय आणि तो सूडाची भाषा बोलतोय. गेम तोच आहे. बाकी, फुकट मिळणाऱ्या गेमला एवढी जाहिरात परवडते कशी, हा प्रश्न पडला तर उत्तर सोपं आहे. बहुतेक लोक एक रुपयाही देत नाहीत. मूठभर लोक प्रचंड देतात. धंद्यात त्यांना 'व्हेल' म्हणतात, देवमासे. पण देवमाशाला लुटायला गावं लागतात. फुकट खेळणारी लाखो पोरं म्हणजे ती गावं. माझ्या भाच्याला वाटत होतं तो गेम खेळतोय. तो दुसऱ्याच्या गेममधला मुलूख होता.

'फुकट' या शब्दाचा निवाडाही झालेला आहे. 'डंजन कीपर' हा 1997 चा नावाजलेला गेम. त्यात तुम्ही दुष्ट तळघराचे मालक असता आणि छोटे राक्षस तुमच्यासाठी दगड फोडत बोळ खणतात. 2014 च्या सुरुवातीला ईए कंपनीने त्याची मोबाइल आवृत्ती काढली. त्यात काही दगड फोडायला चार तास, काहींना चोवीस तास. थांबायचं नसेल तर रत्नं विकत घ्या. अँड्रॉइडवर तर मत नोंदवायची खिडकी अशी केली होती, की पाच तारे द्यायचे म्हटले तर दुकानात नेणार आणि एक ते चार म्हटले तर कंपनीच्या तक्रारपेटीकडे. मूळ गेमचा कर्ता पीटर मॉलिन्यूसुद्धा त्या दगडांना वैतागला. जुलै 2014 मध्ये ब्रिटनच्या अॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स अथॉरिटीने या गेमची 'फुकट' म्हणणारी ईमेल-जाहिरात दिशाभूल करणारी ठरवली. पैसे न देताही सगळं मिळतं, हा कंपनीचा बचाव होता. पण ज्या वेगाने मिळतं तो वेग गिऱ्हाइकाच्या अपेक्षेतला नाही, असं अथॉरिटीचं म्हणणं पडलं. वेळ हीसुद्धा किंमत आहे, हे निदान एका कार्यालयाने लिहून दिलं. त्याच नोव्हेंबरात अॅपलच्या दुकानात 'फ्री'च्या बटणावर 'गेट' आलं.

खुंट्यांचाही निवाडा त्याच ब्रिटिश अथॉरिटीचा, सप्टेंबर 2020 चा. प्लेरिक्स कंपनीच्या 'होमस्केप्स' आणि 'गार्डनस्केप्स'च्या जाहिरातीत खुंट्यांचं कोडं होतं आणि आत मुख्यतः रंग जुळवायचा गेम. कोडं आत आहे, पण ठरावीक पायऱ्यांनंतर, असं कंपनी म्हणाली. ते पुरेसं नाही, जाहिराती बंद करा, असा निर्णय झाला. आपल्याकडे मुंबईच्या अॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलने डिसेंबर 2020 मध्ये गेमच्या जाहिरातींसाठी खास नियम आणले, पण ते पैसे लावून खेळायच्या गेमचे. किल्ला आणि घड्याळवाल्यांना त्यांचा धाक नाही. म्हणून आज बहुतेक कंपन्या एकच करतात: जाहिरातीतलं कोडं गेममध्ये कोपऱ्यात आणून ठेवतात. जाहिरात खरी करायचा हा मार्ग मला भलताच मराठी वाटला. लग्नाच्या पत्रिकेत छापलंय ना श्रीखंड, मग वाटीच्या तळाला चमचाभर असतंच.

भाच्याला यातलं निम्मं सांगून झालं तेव्हा तो जांभई देत होता. मी लॅपटॉप काढला. 'एज ऑफ एम्पायर्स 2' आता नव्या रंगरूपात मिळतो. 2022 पासून त्यात हिंदुस्थानी, गुर्जर, द्रविड, बंगाली असे चार वेगळे गट आहेत, हत्ती देखणे आहेत. मी रीतसर विकत घेतलाय, हे बहिणीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं. त्याने द्रविड निवडले. तीन गावकरी, एक घोडेस्वार. मेंढ्या त्याला आपल्याआपण सापडल्या. मग त्याने सगळे गावकरी धान्यावर लावले आणि खुर्चीत मागे रेलला. फोनवरची एक सूचना आली, किल्ल्याची ढाल संपत आल्याची. त्याने ती बाजूला सारली. दहा मिनिटं झाली. घर बांधायला गेला तर बांधता येईना.

"मामा," तो म्हणाला, "लढाई कधी सुरू होते?"

"सुरू झालीये," मी म्हटलं. "तुझं लाकूड संपलंय."